बाल्कनीतले चेअरमन

ती घटना आठवली की आजही मी कुठल्याही इमारतीखाली थांबून आधी वर बघतो. बाल्कनीत कुणी बसलेले दिसले, तर तो माणूस नेमका कोण आहे हे कळल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. बायको म्हणते, पोलीस खाते सुटले तरी खोड सुटली नाही. तिला खोड वाटते, मला ठाऊक आहे ती भीती आहे. सारी नोकरी प्रेते, दंगली आणि पुढाऱ्यांचे फोन यांत गेली. त्यात जेवढा घाबरलो नाही तेवढा मी इंदिरानगरमधल्या एका साध्यासुध्या सोसायटीत घाबरलो, आणि तेही दिवसाउजेडी.

माझ्या नोकरीचे ते शेवटचे वर्ष होते. फौजदारी कायद्याची नवी संहिता नुकतीच लागू झाली होती. जन्मभर पाठ केलेली कलमे एका फटक्यात बदलली होती आणि आमचा रायटर प्रत्येक गुन्हा लिहिताना कपाळाला हात लावून नवे आकडे शोधत बसे. एका सकाळी हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदाराने माझ्याकडे बघत रिसीव्हर पुढे केला. एका बाईचा आवाज होता, दबका, शेजारच्या खोलीत कुणीतरी असल्यासारखा.

"साहेब, आमच्या चेअरमनना एकदा बघून जा. ते घरात नाहीत. पण रोज दिसतात."

सोसायटीचे नाव सांगून तिने फोन ठेवला. अंमलदार म्हणाला, "साहेब, भुताची तक्रार कोणत्या कलमाखाली घ्यायची? जुन्या की नव्या?" सगळे हसले, मीही हसलो. पण बाईच्या आवाजात थट्टा नव्हती. स्टेशन डायरीला नोंद करायला सांगितली आणि संध्याकाळी तिकडून जायचे ठरवले.

इमारत जुनी होती. गिलावा जागोजागी पडलेला, पिलरमधल्या गंजलेल्या सळ्या बाहेर डोकावत होत्या, ड्रेनेजच्या पाइपात पिंपळ उगवलेला. चेअरमन तिसऱ्या मजल्यावर राहत. निवृत्त मुख्याध्यापक, पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. सगळे त्यांना नाना म्हणत. चेअरमनपद वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच होते. सोसायटीत चेअरमन निवडून येत नाही, सापडतो. सभा संपल्यावर जो चपला शोधत मागे राहतो तो. नाना तसेच सापडले होते आणि मग त्यांनी ते पद मनापासून सांभाळले.

मी खाली उभा राहिलो तेव्हा दिवेलागणीला वेळ होता. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत एक म्हातारा आरामखुर्चीत बसला होता. तपकिरी स्वेटर, माकडटोपी, गळ्याला मफलर, तोंडासमोर वर्तमानपत्र. मी हात केला. त्यांनीही हात केला. मला हायसे वाटले आणि त्या बाईचा थोडा रागही आला.

तरी आलोच आहे तर भेटून जावे म्हणून जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावरच सोसायटीचे सेक्रेटरी आडवे आले. पन्नाशीचे, औषध कंपनीत नोकरी केलेले, बोलण्यात अत्यंत गोड. "साहेब, नाना आत्ताच आडवे झालेत. सर्दीने बेजार आहेत. उद्या या ना."

"आत्ता तर हात केला त्यांनी मला."

"हो, पण वयच आहे ना साहेब. बसल्या बसल्या डोळा लागतो."

मी त्यांना बाजूला सारून वर गेलो. दार उघडेच होते. बाल्कनीतली खुर्ची रिकामी होती. स्वेटर खुर्चीच्या पाठीवर, टोपी बैठकीवर. झोपायच्या खोलीचे दार आतून बंद. मी स्वेटरला हात लावला. तो अजून उबदार होता. आतून कुणीतरी खोकले. तक्रारीला नाव नव्हते, तक्रारदार समोर नव्हता. एका आजारी म्हाताऱ्याचे दार ढकलायला माझ्याकडे कारण नव्हते. मी परत आलो, पण मन काही परत आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून बीटच्या हवालदाराला समोरच्या चहाच्या टपरीवर बसवले. जुना, मुरलेला माणूस. एरवी दहा शब्दांत रिपोर्ट द्यायचा. यावेळी मात्र समोर उभा राहून घुटमळत होता.

"बोल की."

"साहेब, हसू नका. पण परवाचे नाना काल नव्हते. आणि कालचे आज नाहीत."

"म्हणजे?"

"परवाचे उंच होते साहेब. कालच्यांचे पाय खुर्चीतून जमिनीला टेकत नव्हते."

मी साध्या कपड्यांत स्वतः जाऊन बसलो. पहिल्या दिवशी नानांनी वर्तमानपत्राचे पान उजव्या हाताने उलटले, दुसऱ्या दिवशी डाव्या. तेच स्वेटर, तीच टोपी, तीच बसायची वेळ, आणि आत रोज नवा माणूस. पण अंगावर काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीने. खालून येणारी-जाणारी इमारतीतली माणसे मान वर करून विचारायची, "नाना, जेवलात का?" भाजीची पिशवी घेऊन जाणाऱ्या बायका, कामावरून येणारे पुरुष, सगळे. वरची टोपी हलायची. खालचे समाधानाने पुढे जायचे. खुर्चीत कोण आहे हे या लोकांना माहीत असणार, याबद्दल मला शंका नव्हती. मग ते कुणाशी बोलत होते?

मला वाटले, भांडणातून कुणीतरी फोन केला असेल. सोसायटीच्या पुनर्विकासाला विरोध करणारे एक सभासद गल्लीच्या पलीकडे बंगल्यात राहत आणि इथला फ्लॅट भाड्याने देत. त्यांना गाठले. ते फटकळ होते. म्हणाले, "त्या कमिटीवर माझा काडीचा विश्वास नाही. कोर्टात खेचणार आहे सगळ्यांना. पण नानांचं म्हणाल तर नाना आहेत की. रोज बसतात. परवाच मला हात केला."

म्हणजे ज्याला संशय घ्यायचा तोही साक्ष देत होता. इमारतीत सहज चौकशी केली, तर प्रत्येक दारातून एकच उत्तर आले: "नाना आहेत की. वरच आहेत." शब्दाला शब्द तोच. माझा अनुभव असा की खरे बोलणारी माणसे एकमेकांना खोडून काढतात. एक म्हणतो पाऊस होता, दुसरा म्हणतो ऊन होते. सगळी इमारत एका सुरात बोलते तेव्हा काहीतरी पुरलेले असते. सरळ सांगतो, मला खुनाचा वास येत होता. नाना कुठे आहेत आणि जिवंत आहेत का, याखेरीज मला आता दुसरे काही सुचत नव्हते.

पुढच्या सकाळी, बाल्कनी रिकामी असताना, दोन पंच घेऊन गेलो. सेक्रेटरींनी किल्ली आणून दिली. गच्चीवरची पाण्याची टाकी आधी उघडून बघितली. हवालदाराने आत वाकून पाहिले, नुसते पाणी होते. मग फ्लॅट. घर झाडलेले, देवापुढे ताजे फूल, ओट्यावर धुतलेला डबा. राहत्या घरासारखे सगळे. पण न्हाणीघरात गेलो आणि थबकलो. साबणाच्या वडीला चिरा पडल्या होत्या. टॉवेल पापडासारखा कडक झाला होता. दाताच्या ब्रशवर धूळ होती. या घरात लोक येत होते, बसत होते, जेवतसुद्धा होते. पण अंघोळ कुणी केली नव्हती, कितीतरी दिवसांत.

सेक्रेटरींना ठाण्यात आणले. आवाज चढवला नाही. चहा मागवला. गोड बोलणाऱ्या माणसाला धमकी दिली की तो आणखी गोड होतो. तासभर ते "नाना नातेवाइकांकडे गेलेत" यावरच घोळत राहिले. कोणते नातेवाईक, कोणते गाव, काही नाही. शेवटी मी कागद बाजूला ठेवला.

"एवढंच सांगा. आत्ता या दारातून नाना आत आले, तर तुम्हाला आनंद होईल की भीती वाटेल?"

त्यांनी दाराकडे बघितले. खरोखर वळून बघितले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि ढसाढसा रडू लागले.

प्रकार असा होता. इमारत पडायला आली होती. पुनर्विकास केल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि त्याचे नियम बदललेले. तुम्ही-आम्ही ज्या सभा पाहिल्या त्यांत गणपूर्ती, म्हणजे पुरेशी हजेरी, झाली नाही की "सभा अर्धा तास तहकूब" असे जाहीर करायचे, चहा प्यायचा, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी आहेत तेवढ्या लोकांत सभा उरकायची. महाराष्ट्रातल्या निम्म्या संस्था या अर्ध्या तासावर चालतात. पुनर्विकासाच्या सभेला मात्र नव्या नियमाने ही पळवाट राहिली नाही. दोन तृतीयांश सभासद जातीने हजर हवेत, निबंधक कार्यालयाचा अधिकारी समोर हवा, सगळ्याचे व्हिडिओ चित्रीकरण हवे. गणपूर्ती नसेल तर सभा पुढे ढकलायची, आणि दुसऱ्यांदाही नसेल तर तो विषय वर्षभर आणायचा नाही.

पहिली सभा लग्नसराईत बुडाली. दुसऱ्या सभेच्या चार दिवस आधी नाना घरातून निघून गेले. विसरायला लागले होते. पूर्वी एकदोनदा असेच भटकून परत आले होते. सेक्रेटरींनी माणसे मोजली. एक कमी पडत होता. तो एक म्हणजे नाना.

"मी म्हटलं, सभा होऊ द्या, लगेच मिसिंगची तक्रार देऊ," सेक्रेटरी म्हणाले. "आत्ता दिली तर सभा बोंबलणार. पावसाळ्यात स्लॅब कोसळला तर साहेब, कमिटी म्हणून आम्हालाच धरणार. घरात लेकरं झोपतात हो खाली."

"मग सभेत नाना कोण होते?"

"माझे साडू. सिन्नरहून बोलावले. अंगकाठी सारखी. टोपी, मफलर, मास्क. सर्दी झालीय सांगितलं. निबंधक कार्यालयाच्या साहेबांनी हजर म्हणून नोंद घेतली. कॅमेऱ्यासमोर हात वर केला त्यांनी."

ठराव झाला. आणि मग तक्रार देता येईना. नाना कधीपासून बेपत्ता, असे पोलिसांनी विचारले तर काय सांगणार? सभेच्या आधीपासून म्हटले तर चित्रीकरणातला माणूस कोण? सभेनंतर म्हटले, तर नाना ज्यांना सापडतील ते खरी तारीख सांगणार. सगळी कमिटी तोतयेगिरीत अडकणार. पलीकडच्या बंगल्यातून विरोधक बघत होतेच. म्हणून निबंधकांच्या मंजुरीचा कागद हातात पडेपर्यंत नानांनी बाल्कनीत दिसत राहायचे, असे ठरले. पाळ्या लागल्या. गणपतीत आरतीच्या पाळ्या लावतात तशा, एकेका घराकडे एकेक दिवस.

"आणि नानांना शोधायला कोण गेलं?" मी विचारले.

सेक्रेटरींनी गार झालेल्या चहाचा कप उचलून तोंडाला लावला. मला त्या क्षणी त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, हे लपवत नाही.

दुपारी एक बाई ठाण्यात आल्या. साठीच्या, तळमजल्यावर राहणाऱ्या, इमारतीत सगळ्यांच्या काकू. डबे करून देत. तोंड उघडताच मी आवाज ओळखला.

"फोन मीच केला होता," त्या म्हणाल्या. "मीपण बसलेय साहेब त्या खुर्चीत. माझी पाळी होती. पाय पुरत नव्हते माझे."

"मग फोन का केलात?"

"पहिल्यांदा बसले तेव्हा रडू आलं. दुसऱ्यांदा नाही आलं. खालून सगळे विचारायचे, नाना जेवलात का. त्यांना माहीत असायचं मी बसलेय. मी मान हलवायची. नानांचा डबासुद्धा मी रोज वर पाठवायची, ज्याची पाळी तो खायचा. एक दिवस खाली स्वयंपाक करताना मी आमच्या ह्यांना म्हटलं, आज नानांना भाजी तिखट लागली असेल का हो? आणि ते म्हणाले, नाही, आवडली त्यांना. दोघांनाही काही वाटलं नाही साहेब! मग हातातला झारा तसाच राहिला. म्हटलं, अगं बाई, नाना आहेत कुठे?"

त्या बोलत होत्या आणि आमचा रायटर लिहायचे थांबला होता.

मी विचारले, जाण्याआधी नाना काही वेगळे बोलत होते का. काकूंनी डोळे पुसले. "मुलं आली का, असं विचारायचे. त्यांना कुठली मुलं? मी म्हणायची, येतील."

मूलबाळ नसलेल्या मास्तरांची मुले म्हणजे विद्यार्थी. आणि आठवण जाणारा माणूस नव्या जागी जात नाही, जुन्यात जुन्या जागी जातो. हे मी अनेक बेपत्ता प्रकरणांत पाहिले होते. काकूंना एवढे माहीत होते की नानांची पहिली नोकरी सुरगाण्याकडे, एका पाड्यावरच्या शाळेत झाली होती. सुरगाणा पोलिसांना वर्णन कळवले. दुसऱ्या दिवशी निरोप आला: तशा एका म्हाताऱ्याबद्दल ऐकले आहे, ओळख पटवायला या.

शेवटचा घाट चढून जीप पाड्यावर पोचली तेव्हा ऊन कलले नव्हते. शाळेची जुनी इमारत पडकी, कौले गेलेली. तिच्या ओट्यावर नाना बसले होते. दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी सैल सदरा. समोर कुणीच नव्हते, पण ते समोरच्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवत काहीतरी मोजत होते. मोजून झाल्यावर मान हलवून म्हणाले, "गणपूर्ती नाही. सभा अर्धा तास तहकूब." आणि हात मांडीवर ठेवून वाट बघू लागले.

शेजारच्या घरातला शेतकरी पुढे आला. "रोज हेच चालतंय साहेब. अर्धा तास झाला की पुन्ना मोजतात. आंधार पडला की घरी आणतो, नागलीची भाकर खातात, झोपतात."

"तुझ्या ओळखीचे का?"

"माझ्या बापाला शिकवलं ह्यांनी. आले तवा बापाचं नाव घेऊन हाक मारली. बाप तर कवाच गेला. पण नाव घेतलं, मग कसं हाकलायचं?"

"अरे, पण पोलिसांना कळवायचं होतं."

"आमाला वाटलं, घरचं कोणी शोधत असतील तर येतील. येवढे दिवस कोणी आलंच नाय."

नाना जागचे हलायला तयार नव्हते. हवालदाराने हात धरला तर झिडकारला. मग मला सुचले. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "गुरुजी, चला. गणपूर्ती झाली."

त्यांचा चेहरा उजळला. एवढेच शब्द ऐकायला थांबल्यासारखे ते पटकन उठले, सदरा नीट केला आणि स्वतःहून जीपमध्ये बसले. वाटभर प्रसन्न होते.

मी फोन करून काकूंना कळवून ठेवले होते की नानांना घेऊन येतो आहे. त्या माऊलीने घर धुतले, अंथरूण बदलले, आणि इतक्या लोकांनी घातलेला स्वेटर नाना परत घालणार म्हणून स्वच्छ धुऊन बाल्कनीत त्याच खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला. त्यावर टोपी. मफलर बाजूला.

जीप थांबली. सगळी इमारत अंगणात जमली होती. सेक्रेटरी मान खाली घालून मागे उभे. नाना खाली उतरले, लोकांकडे बघून ओळखीचे हसले आणि मग सवयीने त्यांनी वर पाहिले. वाऱ्याने स्वेटरची बाही हलली.

नानांनी वर बघून हात जोडले. "नमस्कार," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी समजूतदारपणे, त्यांनी विचारले, "चेअरमन तर वर बसलेत. गणपूर्तीही झाली म्हणता. मग मला कशाला आणलंत?"

अंगणात कुणीतरी हुंदका दिला. काकू होत्या. मी नानांचा हात धरला आणि त्यांना काकूंच्या दाराकडे नेले.

पुढे कायद्याचे व्हायचे ते झाले. गुन्हा दाखल झाला, ठराव रद्द झाला, कमिटी गेली. विरोधकांना आनंद झाला म्हणावे तर तसेही नव्हते. त्यांनीही नसलेल्या माणसाला हात केला होता. वर्षाने रीतसर सभा होऊन पुनर्विकास मंजूर झाला, तोवर लोक टेकू लावून राहिले. सेक्रेटरी वाईट माणूस होता असे मी आजही म्हणणार नाही. त्या इमारतीत एकही वाईट माणूस नव्हता, आणि तरीही एक म्हातारा डोंगरात माणसे मोजत बसला होता. खुर्ची रिकामी राहिली असती तर कुणीतरी पहिल्याच संध्याकाळी विचारले असते, नाना कुठे आहेत. ती भरलेली होती म्हणून कुणी विचारले नाही. नोकरीच्या शेवटी मी शिकलो ते एवढेच.

नाना आता काकूंच्याच घरी तळमजल्यावर असतात. इमारत उतरवायला घेईपर्यंत तरी तिथेच राहतील. संध्याकाळी काकू त्यांना खिडकीशी बसवतात. मी त्या बाजूला गेलो की रस्त्यावरून दिसतात. तोच स्वेटर, तीच टोपी. हात करतात. मी हात करत नाही. फाटक उघडून आत जातो, दार वाजवतो, आणि त्यांचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसतो. मगच विचारतो, "नाना, जेवलात का?"